२५ टक्के चढवले, २० टक्के कमिशन दिलं, मग ५ टक्के गेले कुठे?

विक्रोळीची_सुगरण

नमस्कार मंडळी. मी विक्रोळीला कन्नमवार नगरात राहते, घरून चकली करून विकते, दोन वर्षं झाली. आधी बिल्डिंगमधले आणि ऑफिसवाल्या मैत्रिणी एवढंच होतं, आता गणपतीपासून दादरच्या एका दुकानात माल ठेवते. दुकानदार म्हणाला, विकला गेला की पैसे, त्यातून २० टक्के माझे. म्हटलं ठीक आहे, आपण २५ टक्के चढवू, २० त्याला, ५ आपल्याला, सुरुवातीला ५ तर ५.

एका घाण्याचा माझा हिशेब देते. १० किलो चकली म्हणजे पाव किलोची ४० पाकिटं. भाजणी ७ किलो, दळणासकट १३० ने ९१०. तेल ४ किलो ६००. लोणी, तीळ, तिखट वगैरे २००. गॅस २३०. पाकीट आणि स्टिकर मिळून साडेसहा रुपये एकाला, म्हणजे २६०. मदतीला येते तिचे दोन दिवसांचे ८००. दोन मोठ्या पिशव्या घेऊन दादरला जायचं, लगेजवाल्या डब्यात चढायचं आणि उतरल्यावर टॅक्सी, २०० धरा. एकूण ३२००. म्हणजे पाकीट ८० ला पडलं. त्यावर २५ टक्के लावून १०० किंमत छापली.

महिन्याला साधारण चार घाणे होतात म्हणजे १६० पाकिटं. तीन महिने झाले आणि वहीत बघते तर हातात काहीच नाही, उलट थोडे खिशातलेच गेलेत. दुकानदाराने चोख पैसे दिलेत, त्याच्यावर संशय नाही. मग माझे ५ टक्के गेले कुठे?

दुसरा प्रश्न पण इथेच विचारते. मोटरवालं चकली मशीन, पीठ मळायचं मशीन आणि मोठी भट्टी असं घ्यायचंय, एक लाखाचं कर्ज लागेल. एक एजंट १० टक्के फ्लॅट म्हणतोय, दोन वर्षं, ५००० हप्ता. बँक १५ टक्के रिड्युसिंग म्हणते. आमचे हे म्हणतात १० आणि १५ मध्ये विचार करण्यासारखं काय आहे, एजंटचं घे. मला काहीतरी खटकतंय पण काय ते सांगता येत नाहीये.

भांडुपचा_बंड्या

ताई ५ टक्के घाटकोपरला गर्दीत उतरले असतील. जोक अपार्ट, वही ठेवता हेच भारी आहे, आमच्याकडे पप्पांचं दुकान वीस वर्षं डोक्यातल्या हिशेबावर चाललंय.

हिशेबनीस_दादर

ताई, मी दादरलाच एका दुकानाचा हिशेब लिहितो (तुमच्या दुकानाचा नाही, घाबरू नका). तुमचे ५ टक्के कुठे गेले नाहीत, ते कधी नव्हतेच. तुम्ही २५ टक्के लावले ते ८० वर, म्हणजे २० रुपये. दुकानदाराने २० टक्के घेतले ते १०० वर, ते पण २० रुपयेच. १०० तून २० गेले की राहिले ८०, आणि पाकीट तुम्हाला पडलंय ८० ला. तुम्ही तीन महिने फुकट चकल्या तळताय.

टक्के म्हटलं की आधी विचारायचं, कशाचे टक्के. दुकानदार कायम छापील किमतीवर बोलतो, आणि घरून करणारा माणूस कायम खर्चावर बोलतो, दोघंही खरं बोलतात आणि दोघांचाही आकडा वेगळा. आमच्या लाइनीत मार्जिन म्हटलं की ते एमआरपीवरच, कुणी स्पष्ट सांगत पण नाही कारण सगळ्यांना माहीतच असतं. घरगुतीवाले नवीन येतात ते हमखास इथेच अडकतात, तुम्ही पहिल्या नाही.

किंमत काढायची तर उलट्या बाजूने या. छापील किंमत १०० टक्के धरा. त्यातले २० दुकानाचे. तुम्हाला १५ टक्के सुटायला हवेत असं समजा. म्हणजे ३५ गेले, उरले ६५, आणि या ६५ टक्क्यांत तुमचे ८० रुपये बसायला हवेत. ८० भागिले ०.६५, येतात १२३. छापा १२५. ताळा करून बघा, १२५ चे २० टक्के २५, हातात १००, खर्च ८०, सुटले २०.

आणि २० अधिक १५ म्हणून ८० वर ३५ टक्के चढवू नका हां, ते १०८ येतात, त्यातून दुकानाचे २१.६० गेले की तुम्हाला साडेसहा रुपये पण नाहीत.

विक्रोळीची_सुगरण

बाप रे. म्हणजे साधा शाळेतला हिशेब होता आणि मी तीन महिने दुकानदाराच्या पावत्या तपासत बसले. पण दादा १२५ ला पाव किलो कोण घेणार, आणि ४० पाकिटं कधी पूर्ण भरतच नाहीत, चुरा निघतो, एखादं पाकीट फुटून परत येतं, खरं तर ३७ विकली जातात. ते कशात धरायचं?

लालबागची_मावशी

अगं बाई, ते आधी सांगायचं ना! चुरा हाच खरा चोर असतो. मी आणि माझ्या जाऊबाई, आम्ही बारा वर्षं फराळाच्या ऑर्डरी घेतल्या, चिवडा गल्लीच्या समोर राहून चिवडा विकायचा म्हणजे बघ. पहिल्या दिवाळीत आम्ही पण तळलेल्या मालावर भाव काढला होता. भाव नेहमी विकलेल्या मालावर काढायचा. तुझे ३२०० रुपये ४० ने नाही, ३७ ने भागायचे, साडेशहाऐंशी आले बघ. ८० नाहीतच ते. म्हणजे १०० छापून तू फुकट नाही, दर घाण्याला २४० रुपये पदरचे घालून तळत होतीस. तीन पाकिटांचे ८०-८० रुपये. थोडे खिशातले गेले म्हणतेस ना, ते हेच.

आता १२५ ने काय होतं बघ, ३७ पाकिटांचे कमिशन जाऊन ३७००, खर्च ३२००, सुटले ५००. १३० ने छापलंस तर पाकिटामागे १०४, एकूण ३८४८, सुटले ६४८. दोन दिवस उभं राहून ६४८. मदतनीस बाईला दोन दिवसांचे ८०० देतेस आणि स्वतःला ६४८! तुझी स्वतःची मजुरी कुठल्या रकान्यात आहे ते सांग मला. आमच्यात पण हेच व्हायचं, घरच्या बाईचे हात फुकटच धरतात सगळे.

चुरा कमी करायचा उपाय म्हणजे चकली पूर्ण गार झाल्याशिवाय पाकिटात भरू नकोस, आणि मोहन जास्त झालं तर तुटते. भाजणीत तांदूळ किती घेतेस? पाकिटातली हवा पण दाबून काढू नकोस, थोडी राहू दे, उशी होते तिची. आणि चुरा टाकून देऊ नकोस, आम्ही अर्धा किलोच्या पिशव्या करून भेळवाल्याला द्यायचो, लगेच घ्यायचा.

बाकी १३० ला कोण घेणार म्हणतेस तर दादरला दिवाळीच्या आठवड्यात उभी राहून बघ लोक काय भाव देतात ते.

विक्रोळीची_सुगरण

मावशी तांदूळ जास्त घेते खरं, स्वस्त पडतो म्हणून. मजुरीचं वाचून पोटात गोळा आला. एका ॲपवाल्याचा पण फोन आला होता, २२ टक्के म्हणाला, दुकानापेक्षा दोनच जास्त, घरून घेऊन जातील, दादरची खेप वाचेल. ते परवडेल का?

हिशेबनीस_दादर

२२ वर थांबत नाही ते. त्यांच्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी लागतो, तो पण तुमच्याच पैशातून कापतात, म्हणजे २२ चे झाले जवळपास २६. तुमची उलाढाल बघता तुम्ही जीएसटीत नसणार, मालाला ४० लाखांची मर्यादा आहे, तर तो कापलेला टॅक्स परत पण मिळत नाही. १३० च्या पाकिटावर ३४ गेले, दुकानात २६ जातात. दादरच्या खेपेचे पाकिटामागे ५ वाचतील, म्हणजे ८ जास्त देऊन ५ वाचवले. शिवाय फोटो, ऑफर, डिलिव्हरीचा वाटा कोणाचा ते विचारून घ्या, ऑफर कंपनीची म्हणतात आणि अर्धी आपल्या नावावर टाकतात.

बिल्डिंगमध्ये जे थेट विकता ते सोडू नका, तिथे कमिशन नाही आणि खेप पण नाही. फक्त भाव फार खाली ठेवू नका, दुकानदाराला कळलं की बाई घरून १०० ला देते तर तो तुमचा माल मागच्या फळीवर टाकतो. १३० छापा, घरून १२० ला द्या. खेपेचे २०० वगळले की चुऱ्यासकट ८१-८२ पडेल तुम्हाला, ३८ सुटतात, दुकानातून जेमतेम साडेसतरा. एक घाणा घरून गेला की दुकानातल्या दोन घाण्यांएवढं सुटतं.

गिरगावकर_काका

मी बँकेतून रिटायर झालोय, तेहतीस वर्षं कर्जखात्यात होतो, तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो. सुनबाई, तुम्हाला खटकतंय ते बरोबर खटकतंय.

फ्लॅट म्हणजे काय, तर दोन्ही वर्षं पूर्ण एक लाखावर व्याज. वर्षाचे १० हजार, दोन वर्षांचे २० हजार, एकूण १ लाख २० हजार, भागिले २४, हप्ता ५०००. त्यात दरमहा मुद्दल ४१६७ आणि व्याज ८३३. आता शेवटचा महिना घ्या. तेव्हा तुमच्याकडे त्याचे फक्त ४१६७ रुपये बाकी आहेत, तरी व्याज तेच ८३३. म्हणजे एका महिन्याला २० टक्के! गिरगावातला जुना सावकार पण लाजला असता.

बँकेच्या १५ टक्क्यांत पहिल्या महिन्याला व्याज १२५०, आणि तुमच्या ह्यांनी बहुतेक हाच आकडा बघितला असणार, की बँक १२५० घेते आणि एजंट ८३३. पण बँकेचं रिड्युसिंग, म्हणजे व्याज फक्त उरलेल्या मुद्दलावर, ते दर महिन्याला उतरत जातं, शेवटच्या हप्त्यात ते फक्त ६० रुपये असतं. बँकेचा हप्ता ४८४९ येतो, एकूण व्याज साधारण १६,३७०. एजंटचं २०,०००. तेव्हा १५ हे १० पेक्षा साडेतीन हजारांनी स्वस्त आहे, ह्यांना सांगा.

परळ_एक्सेलवाला

काका +१. झटपट काढायचं असेल तर फ्लॅट रेट दुप्पट करायचा आणि थोडा कमी करायचा. फॉर्म्युला म्हणजे २ गुणिले हप्त्यांची संख्या गुणिले रेट, भागिले हप्ते अधिक एक. इथे २ × २४ × १० ÷ २५ = १९.२. म्हणजे एजंटचे १० टक्के हे खरे १९.२ टक्के आहेत.

गिरगावकर_काका

अंदाजाला ठीक आहे, पण तो फॉर्म्युला जरा जास्तच दाखवतो. खरा दर १८.२ च्या आसपास येतो. एक्सेलवाले आहात तर रेट फंक्शन वापरा की, त्यात २४, मग उणे ५०००, मग १०००००, जे येईल त्याला बाराने गुणा. महिन्याला साधारण १.५१ टक्के. आमच्या वेळचा शब्द सांगतो, शेकडा दीड. एजंट जर म्हणाला असता बाई शेकडा दीडने पैसे देतो तर तुम्ही दार लावून घेतलं असतं.

आणि त्याची प्रोसेसिंग फी विचारलीत का?

विक्रोळीची_सुगरण

हो काका, २ टक्के अधिक जीएसटी म्हणाला, आधीच कापून देणार. बँकेची फी नाहीये या स्कीममध्ये.

गिरगावकर_काका

म्हणजे २३६० कापून हातात ९७,६४० देणार आणि हप्ता ५००० चाच. मग खरा दर साडेवीसच्या वर गेला. त्याच्याकडून की फॅक्ट स्टेटमेंट मागा, तोंडी नाही, कागद. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून नवीन किरकोळ आणि छोट्या उद्योगांच्या कर्जांना ते सक्तीचं केलंय, त्यात फी वगैरे धरून वार्षिक खरा दर लिहावाच लागतो, आणि तुम्हाला समजेल अशा भाषेत. बँक असो नाहीतर फायनान्स कंपनी असो. एजंट कागद द्यायला का कू करायला लागला तर चहा पाजा आणि पाठवा.

परळ_एक्सेलवाला

काका मान्य, १८.१६ आला. शिकलो.

पण ताई, कर्ज कुठलं घ्यायचं त्याच्या आधीचा प्रश्न कुणी विचारलाच नाही. हप्ता येणार कुठून? मावशींचा आकडा घेतो, १३० किमतीने घाण्याला ६४८. चार घाणे म्हणजे २५९२. मशीनमुळे मदतनीस दोन दिवसांऐवजी एकच दिवस लागेल असं धरलं तर घाण्याला ४०० वाचले, महिन्याला १६००. झाले ४१९२. बँकेचा स्वस्तातला हप्ता पण ४८४९. म्हणजे ६५७ कमीच पडतात, आणि तुमची मजुरी अजून शून्यच. (हे सगळं दुकानातून गेलं असं धरलंय, घरून जितकं जास्त विकाल तितकं बरं.) फक्त हप्ता भरायला पाच घाणे करायला लागतील, दिवाळीत होतील, पण मार्च-एप्रिलमध्ये? तेव्हा लोक चकली नाही कुरडया-पापड घेतात.

तिन्ही वस्तू एकदम लागतात का? नुसतं चकली मशीन कितीला आहे?

विक्रोळीची_सुगरण

नुसतं मशीन ३८,००० सांगितलंय. मळायचं आणि भट्टी हे घेतलं की सेटवर सूट होती म्हणून एक लाख.

लालबागची_मावशी

सेटवर सूट! दुकानवाले सूट देतात ते काय तुझ्या प्रेमापोटी? हात दुखतात ते सोऱ्या फिरवून, मळून नाही. नुसतं चकली मशीन घे. भट्टी नंतर बघ, आणि घरात भट्टी लावायला सोसायटी हो म्हणतेय का ते आधी विचार, आमच्या चाळीत त्यावरून दोन वर्षं भांडण चाललं होतं.

परळ_एक्सेलवाला

मावशी बरोबर. ४० हजारांचं कर्ज, तेच १५ टक्के, दोन वर्षं, हप्ता १९४० च्या आसपास. ४१९२ तून तो गेला तरी सव्वादोन हजार उरतात. ५० हजारांपर्यंत सरकारच्या मुद्रा कर्ज योजनेच्या शिशु गटात बसतं, बँकेत त्याचंच विचारा.

विक्रोळीची_सुगरण

मंडळी, काल रात्री ह्यांना मोबाइल दिला आणि काकांचा तो शेवटच्या महिन्याचा हिशेब वाचायला लावला, ४१६७ वर ८३३. दोनदा कॅल्क्युलेटर दाबला, मग म्हणाले त्या एजंटला मीच फोन करतो. केला. कागदाचं विचारल्यावर सर मीटिंगमध्ये आहे म्हणाला, आज दुपारपर्यंत तरी मीटिंग संपली नाहीये.

दुकानदाराशी पण बोलले, १३० ला तयार आहे, म्हणाला मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगणार होतो भाव कमी लावलाय, पण म्हटलं बाईंचा हिशेब असेल. आता त्याला काय बोलणार!

एकच अडचण. १०० रुपये छापलेले ६०० स्टिकर पडून आहेत, आणि २२ भरलेली पाकिटं दुकानात आहेत. त्यावर १३० ची चिठ्ठी चिकटवली तर चालेल का?

हिशेबनीस_दादर

नाही नाही, तसं अजिबात करू नका. छापलेल्या एमआरपीवर वाढीव किमतीचं स्टिकर लावायला वजनमाप कायद्याने बंदी आहे, कमी किमतीचं लावता येतं, आणि ते पण जुनी किंमत झाकली न जाता. कुणी तक्रार केली तर दंड दुकानदाराला पण आणि तुम्हाला पण. ती २२ पाकिटं १०० नेच जाऊ द्या. न चिकटवलेले ६०० स्टिकर तुमचेच आहेत, फेकून द्या, आणि पुढच्या वेळी किंमत आणि पॅकिंगची तारीख या दोन जागा कोऱ्या ठेवून छापा, रबरी शिक्क्याने मारता येतात. शंभर-दीडशे रुपयांत शिक्का होतो, तेलाचा भाव वाढला की नुसता शिक्का बदलायचा.

विक्रोळीची_सुगरण

६०० स्टिकर गुणिले दीड रुपया, ९०० गेले. हे पण आता वहीत लिहिते. शिक्का उद्याच टाकते बनवायला, आणि मावशी, भाजणीचं प्रमाण मेसेज करते, जरा बघून सांगा.